वेळेसाठी नाही, अनुभवासाठी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन: शेवटून येण्यासाठी इतक्या दूर जावे का?

प्रश्न: धुऱ्यावरचा (कारंजा लाड, जि. वाशीम)

सर्वांना नमस्कार. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरासाठी, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरसाठी, नाव नोंदवावे की नाही याबद्दल मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. नोंदणी सुरू झाली आहे आणि जागा भरण्यापूर्वी निर्णय घ्यावा लागेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे वय ४६ आहे. नऊ एकर शेती आहे. त्यात सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी (कपाशी) आणि विहिरीच्या भरवशावर हरभरा असतो. गेली चार वर्षे मी आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे धावतो. सुरुवात पुतण्यामुळे झाली. तो पोलीस भरतीची तयारी करत होता आणि त्याने अंधारात एकट्याने रस्त्यावर जाणे त्याच्या आईला मान्य नव्हते, म्हणून मी टॉर्च घेऊन त्याच्यासोबत जाऊ लागलो. तो पुढे निघून जायचा आणि मी मागून माझ्या चालीने जायचो. पुढे त्याचे दोन प्रयत्न हुकले, तो पुण्याला एका कंपनीत लागला, आणि माझे धावणे मात्र सुटले नाही.

आता मी पांदणीने निघून डांबरी रस्त्याला लागतो आणि समृद्धी महामार्गावरून जो पूल जातो त्याचा चढ चढून परत फिरतो. कधी अभयारण्याच्या बाजूने गेलो तर काळविटांचा कळप तुरीतून झेप घेत रस्ता ओलांडतो. त्यांना पाहिल्यावर आपणही धावतो असे म्हणायची लाज वाटते. एका किलोमीटरला मला आठ ते साडेआठ मिनिटे लागतात. मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी २१ किलोमीटर पूर्ण केले, त्याला तीन तास दोन मिनिटे लागली. त्यापेक्षा जास्त अंतर मी कधीही धावलेलो नाही.

अडचण अशी की आमच्याकडे धावण्याचा एकच अर्थ आहे, आणि तो म्हणजे भरती. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत धावले की पूर्ण २० गुण, हे कोष्टक आमच्या गावात पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही पाठ आहे. त्यामुळे मुंबईचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो तो 'किती मिनिटांत?' हाच. सहा तास तरी लागतील असे मी सांगितल्यावर चहाच्या टपरीवर एकाने शांतपणे म्हटले की तेवढ्या वेळात बैलगाडीही मूर्तिजापूरला पोचते. सगळे हसले, मीही हसलो. परंतु घरी आल्यावर वाटले की त्याचे काय चुकले? जाण्या-येण्याचे भाडे, प्रवेश शुल्क आणि राहण्याचा खर्च धरला तर सोयाबीनच्या बियाण्याच्या दीड-दोन पिशव्यांचे पैसे जातात. इतके पैसे शेवटून येण्यासाठी घालवावेत का?

एक गोष्ट मी टपरीवर सांगितली नाही, ती येथे सांगतो. तरुणपणी मीही एका भरतीला उतरलो होतो. रेषेपासून वीसेक पावलांवर असताना समोर उभ्या असलेल्या साहेबांनी घड्याळाचे बटण दाबले आणि घड्याळ खिशात टाकून ते वळले. माझ्यामागे आणखी सात-आठ जण धावत होते. आम्ही सगळ्यांनी रेषा ओलांडली, पण आमच्याकडे कोणीही पाहत नव्हते. आता मला एकदा अशा ठिकाणी धावायचे आहे, जेथे घड्याळासाठी नाही तर रस्त्यासाठी धावता येईल. हा विचार बरोबर आहे की वय झाल्यावरचा हट्ट आहे? आणि वेळेचे उद्दिष्टच नसेल तर तयारी थोडी कमी केली तरी चालते का? शेतीच्या कामात मला तेच सोयीचे पडेल.

उत्तर १: आर्वीची सिस्टर (जि. वर्धा)

दादा, मी आरोग्य सेविका आहे आणि दोन वर्षांपूर्वी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन सहा तास दहा मिनिटांत पूर्ण केली आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'जरूर जा' असे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी अधिक कठोरपणे देईलच, म्हणून मी ते त्यांच्यावर सोडते आणि तो दिवस कसा असतो तेवढे सांगते.

पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुटते. आधीच्या शर्यतीच्या वेळेच्या दाखल्यावरून तुम्हाला कोणत्या गटात उभे करायचे ते ठरते, त्यामुळे आपल्यासारखे लोक मागे असतात आणि पुढे शर्यत सुटली तरी आपण बराच वेळ जागेवरच पावले टाकत राहतो. घाबरून जाऊ नका. क्रमांकाच्या पट्टीसोबत जी चिप मिळते ती तुम्ही स्वतः रेषा ओलांडल्यापासून तुमची वेळ मोजते. मरीन ड्राइव्ह अंधारात निघून जातो. तेथे सगळेच वेगाने धावत असतात आणि आपणही त्यांच्यासोबत ओढले जातो; ही माझी पहिली चूक होती आणि तिची किंमत मी दुपारी चुकवली.

वांद्रे-वरळी सागरी सेतू साधारण अर्ध्या अंतराच्या अलीकडे येतो. २००९ साली सुरू झालेल्या या पुलावर एरवी पायी माणसाला आणि दुचाकीला प्रवेश नाही. तुमच्या समृद्धीसारखेच समजा, वरून पाहावे आणि परत फिरावे. वेगवान धावपटू हा पूल अंधारात पार करतात. मी हळू होते, म्हणून मी त्यावर पाय ठेवला तेव्हा नुकते उजाडले होते. उजव्या हाताला माहीमच्या बाजूची खाडी आणि तिच्यामागे उगवता सूर्य, डाव्या हाताला मोकळा समुद्र, आणि दोन्हींच्या मध्ये हजारो बुटांचा एकसारखा आवाज. गाड्यांचा आवाज नसल्यामुळे तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. ज्वारीच्या खळ्यावर पूर्वी बैलांची पात फिरायची तेव्हा कणसांवर जसा आवाज यायचा, तसा काहीसा. मी तेथे दोन मिनिटे कठड्याला हात लावून उभी राहिले. वेळेसाठी धावणारी बाई असते तर उभी राहिले नसते.

माहीमच्या आसपास मागून मोटारसायकली आणि त्यांच्यामागे सातनंतर सुटलेले परदेशी धावपटू आले. आमच्या बाजूने ते निघून गेले त्याला दहा-बारा सेकंद लागली असतील. त्यांच्या श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता. आम्ही सगळे हळू लोक टाळ्या वाजवत उभे होतो.

मला सर्वांत जास्त आठवते ती एक साधी गोष्ट. छातीवरच्या पट्टीवर आपले नाव छापलेले असते. शिवाजी पार्कच्या पुढे दुभाजकावर उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलीने ते वाचले आणि मला नावाने हाक मारून 'ताई, चला, थांबू नका' असे म्हटले. पंधरा वर्षे मी गावात काम करते. लसीकरणाच्या दिवशी शंभर माणसे भेटतात, पण सगळ्यांसाठी मी 'सिस्टर' असते. नावाने हाक येण्याची सवयच राहिलेली नाही, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटले की कोणी ओळखीचे आहे आणि मी मागे वळून पाहिले.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. क्रमांकाची पट्टी शर्यतीच्या दिवशी मिळत नाही; ती आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावी लागते आणि अलीकडे हे वाटप वांद्रे-कुर्ला संकुलात होते. म्हणजे शनिवारी सकाळी उतरून धावपळ करण्यापेक्षा शुक्रवारी पोचणे बरे. दुसरे असे की तुम्ही कापूस पिकवता, पण त्या दिवशी तो अंगात घालू नका. सुती बनियन घामाने भिजून जड होते आणि काखेत, छातीवर कातडी सोलली जाते. पॉलिस्टरचा साधा टी-शर्ट घ्या, आणि जेथे जेथे कातडीवर कातडी घासते तेथे व्हॅसलीन लावा.

उत्तर २: निवृत्त क्रीडाशिक्षक (अचलपूर, जि. अमरावती)

सिस्टरांनी 'कठोरपणे' असे म्हणून जी जागा मोकळी ठेवली आहे ती मी भरतो.

आपण जावे याबद्दल दुमत नाही. मात्र 'वेळेचे उद्दिष्ट नाही म्हणून तयारी कमी' हे गणित उलटे आहे. जो मनुष्य साडेतीन तासांत धावून मोकळा होतो तो साडेआठला सावलीत बसून केळे खात असतो. आपण त्या वेळी निम्म्याच्या थोडे पुढे असाल, आणि मुंबईचे ऊन तेव्हा कुठे चढायला लागलेले असेल. म्हणजे सर्वांत जास्त वेळ पायांवर, सर्वांत जास्त ऊन अंगावर आणि सर्वांत जास्त पावले नावावर कोणाच्या, तर हळू धावणाऱ्याच्या. त्याला तयारी अधिक लागते. ती वेगाची नसते, टिकण्याची असते.

त्यात हवेचा फरक आहे. जानेवारीत आपल्याकडे पहाटे थंडी आणि हवा कोरडी असते, त्यामुळे घाम आला कधी आणि वाळला कधी हे कळतही नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो अंगावरून वाहतो, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. विदर्भातील माझे काही विद्यार्थी याच कारणाने तेथे कोसळले. ते कमी तयारीचे नव्हते, वेगळ्या हवेतले होते.

घड्याळाबद्दलही एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्याला भरतीच्या मैदानावर जे सोसावे लागले ते वाचून वाईट वाटले. परंतु मुंबईतही घड्याळ खिशात टाकले जाते. फरक एवढाच की ते केव्हा टाकणार हे तेथे नियमावलीत आधीच सांगितलेले असते. शहराचे रस्ते दिवसभर बंद ठेवता येत नाहीत, म्हणून पूर्ण अंतरासाठी एक कमाल वेळ असते आणि ती संपली की मागून येणाऱ्या बसमध्ये बसावे लागते. सहा तासांत पूर्ण करायचे तर सरासरी किलोमीटरला ८ मिनिटे ३२ सेकंद पडतात. साडेसहा तासांसाठी ९ मिनिटे १५ सेकंद. आपला आजचा वेग २१ किलोमीटरपर्यंत ८ मिनिटे ४० सेकंदांच्या आत आहे, म्हणजे पुढे गळाठा आला तरी थोडी सवड आहे. पण ती सवड तयारीवर उभी आहे. वेळेकडे दुर्लक्ष करण्याचा हक्क तयारीने मिळतो.

शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. ज्याने मोठ्या अंतराचा सराव केलेला नाही आणि वाटेत काही खाल्लेले नाही, त्याचे पाय तेथे अक्षरशः ऐकेनासे होतात. त्यानंतरचे बारा किलोमीटर त्याला ना समुद्र दिसतो ना माणसे. मग कोणता अनुभव घेऊन आपण गावी परत येणार?

टपरीवरच्या मंडळींसाठी एक हिशेब देतो. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १४ सेकंद. २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमी यांनी मुंबईत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांचा विक्रम केला, तो किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १ सेकंद पडतो. याचा अर्थ, आपल्या तालुक्यातला पूर्ण गुण मिळवणारा मुलगा ज्या वेगाने दीड किलोमीटर धावून जमिनीवर आडवा होतो, त्याहून जास्त वेगाने तो गृहस्थ बेचाळीस किलोमीटर धावला. मी हे फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा भरतीची मुले बराच वेळ गप्प होती. हळू कोण, हे कोणाशेजारी उभे आहात त्यावर ठरते.

उत्तर ३: दर्यापूरकर

काका, मी स्वतः भरतीची तयारी करतो, त्यामुळे तुमचा पुतण्या मला शेजारचाच वाटला. एक साधा प्रश्न आहे. सागरी सेतू अर्ध मॅरेथॉनच्या मार्गातही येतो. ती माहीमहून सुटते, सेतू ओलांडून वरळी, हाजी अली, पेडर रोड करत शेवट टर्मिनसच्याच भागात होतो. अनुभवच घ्यायचा असेल आणि २१ किलोमीटरचा सराव आधीच असेल तर तीन तासांत सगळे पाहून होते. बेचाळीसचा अट्टहास कशासाठी? खर्च जवळपास तेवढाच आणि पायांचे हाल निम्मे.

प्रश्नकर्ता: धुऱ्यावरचा

सर्वांचे आभार. गुरुजी, राग कसला येणार? तुमचा 'उलटे गणित' हा शब्द दोन दिवस डोक्यात फिरत होता. दोन दिवसांनी लिहितो आहे, कारण रात्रीची लाईन (ओलितासाठीची वीज) होती आणि दिवसा डोळे उघडत नव्हते.

दर्यापूरकर भाऊ, तुमचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे आणि घरच्यांचेही तेच मत आहे. परंतु २१ किलोमीटर मला येते. ते मुंबईत केले तर मी मुंबई पाहून येईन. बेचाळीस मला येते की नाही हे मला माहीत नाही, आणि माझ्या वयात 'माहीत नाही' असे फार थोडे उरले आहे. पाऊस सोडला तर.

गुरुजी, आता अडचण वेळापत्रकाची आहे. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीनची सोंगणी (कापणी) येते, मग मळणी, लगेच हरभऱ्याची पेरणी, नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी आणि डिसेंबर-जानेवारीत तूर. शहरातल्या लोकांचे सोळा-अठरा आठवड्यांचे तक्ते पाहिले; त्यात रविवार हा मोठ्या अंतराचा दिवस धरलेला असतो. सोयाबीनला रविवार समजत नाही. मजूर ज्या दिवशी मिळतील तो सोंगणीचा दिवस. वावरात दिवसभर वाकून काम केले तर ते सरावात धरायचे का?

उत्तर ४: निवृत्त क्रीडाशिक्षक

वावरातील श्रम हे धावणे नव्हे, पण ती विश्रांतीही नव्हे. बहुतेक शेतकरी धावपटू येथेच फसतात. ते शेतातले काम मोजत नाहीत, तक्त्यातले धावणे सोडत नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये गुडघा धरून बसतात. माझा साधा नियम असा की ज्या दिवशी आठ तास सोंगणी केली त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी धावायचे नाही. रात्री ओलित केले असेल तर मोठे अंतर पुढे ढकलावे. झोप न झालेल्या पायांना खड्डा दिसत नाही.

आपण आठवड्यांऐवजी हंगाम धरून चालू. आता ऑगस्ट आहे आणि फवारणी-डवरणी सोडली तर थोडी उसंत आहे, म्हणून सोंगणीपूर्वी एक मोठे अंतर १८, मग २१, मग २४ किलोमीटरपर्यंत नेऊन ठेवावे. सोंगणी-मळणीचे तीन आठवडे केवळ तग धरायचा, आठवड्यातून दोनदा पाच-सहा किलोमीटर, त्याहून अधिक नाही. पेरणी आटोपली की पंधरा दिवसांतून एकदा मोठे अंतर, २४, २७, ३०, आणि शेवटचे ३० ते ३२ किलोमीटरचे शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर कमी कमी करत जायचे. पूर्ण बेचाळीस सरावात धावून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यातून सावरायला जे दिवस लागतात ते आपल्याकडे नाहीत. मोठ्या अंतरांपैकी किमान एक ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी आठनंतर सुरू करा. घाम अंगावरून वाहणे म्हणजे काय ते तेव्हाच कळेल. बरोबर कोणीतरी मोटारसायकलवर असू द्या.

आता चालण्याबद्दल. टपरीवर हसतील या भीतीने आपण सलग धावण्याचा प्रयत्न करू नये. अमेरिकेचे जेफ गॅलोवे, जे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावले होते, त्यांनी धावणे आणि चालणे ठरवून आलटून पालटून करण्याची पद्धत रूढ केली. चार मिनिटे धावायचे, एक मिनिट झपाझप चालायचे, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून करायचे. थकल्यावर चालणे म्हणजे हार असते आणि ताजे असताना चालणे म्हणजे नियोजन असते. पायांच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेगावहून पंढरपूरला महिनाभर पायी जाणारे वारकरी पाहा, ते दमल्यावर थांबत नाहीत, ठरलेल्या मुक्कामाला थांबतात.

पाण्याबाबत आपल्याकडे 'जितके जास्त तितके चांगले' असा समज आहे. सहा तास धावणाऱ्याने प्रत्येक टेबलावर ग्लासभर पाणी रिचवले तर रक्तातील सोडियम कमी होऊन भोवळ, उलटी आणि त्याहून वाईट प्रकार होऊ शकतात. हा धोका हळू धावणाऱ्यांनाच अधिक असतो. तहान लागेल तसे घोट घोट प्यावे, मधून मधून मीठ-साखरेचे पाणी घ्यावे, आणि दर पाऊण तासाला काहीतरी गोड खावे. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळे, जे पोटाला सवयीचे असेल ते. सरावात जे खाल्ले नाही ते मुंबईत खाऊ नये. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये, आणि वय ४६ आहे म्हणून नोंदणी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा, हे मी विद्यार्थ्याला सांगतो तसे सांगतो आहे.

उत्तर ५: संत्रा बहार (मोर्शी, जि. अमरावती)

मी तीन वेळा गेलो आहे आणि तीनही वेळा शेवटच्या हजारांत आलो आहे, त्यामुळे मला बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो.

गुरुजींनी पेडर रोडचा उल्लेख केला नाही. जाताना तो अंधारात आणि पाय ताजे असताना येतो, म्हणून लक्षातही येत नाही. परत येताना तोच चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास उन्हात येतो. चढ आपल्या घाटांच्या मानाने काहीच नाही, चिखलदऱ्याला जाणारा मनुष्य त्याला चढ म्हणणार नाही, पण त्या वेळी तो भिंतीसारखा दिसतो. तुम्ही महामार्गावरच्या पुलाचा चढ सरावात घेता हे उत्तम आहे. मोठ्या अंतराच्या शेवटी तो मुद्दाम घ्या, सुरुवातीला नाही.

त्याच चढावर इमारतींतील माणसे खाली उतरून उभी असतात. घरच्या कपड्यांत, हातात ताटे घेऊन. कोणी बिस्किटे देतो, कोणी पायावर स्प्रे मारतो. पहिल्या वर्षी एका आजींनी माझ्या हातावर सोललेल्या संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या. मी संत्र्याच्या बागेत वाढलेला मनुष्य आहे, बाजारात संत्रे विकत घेणे आमच्याकडे कमीपणाचे मानतात. साल थोडे सुटलेले, फोड जराशी सुकलेली, म्हणजे आंबिया बहाराचा शेवटचा माल होता आणि तो झाडावर आठ-दहा दिवस जास्त राहिला होता. हे सगळे मला त्या अवस्थेत कळले आणि मी आजींना सांगितलेही. त्यांनी मला आणखी चार फोडी दिल्या आणि पुढे जायला सांगितले. मागे रांग झाली होती.

राहण्याबद्दल सांगतो. नातेवाईक कल्याण-डोंबिवलीला असतील तर शनिवारी रात्री तेथे मुक्काम करू नये. पहाटे तीनच्या सुमारास निघण्याचा ताण येतो. काही वर्षी रेल्वेने पहाटे खास लोकल सोडल्या आहेत, तरीही टर्मिनसपासून चालत जाता येईल अशी जागा पाहावी. आमच्या भागातली माणसे आमदार निवासाची चिठ्ठी मिळवतात. ती मिळाली तर चर्चगेटजवळच सोय होते, मात्र खोलीत किती जण असतील याची खात्री नसते आणि रात्री बारापर्यंत राजकारणावर चर्चा चालते. कानात कापूस घालून झोपावे.

उत्तर ६: आर्वीची सिस्टर

संत्रेवाल्या दादांनी राहण्याचे सांगितले, मी प्रवासाचे एक सांगते. आता रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर, वेचणीच्या धांदलीत, तुम्हाला तिकिटाची आठवण ठेवावी लागेल. तुम्हाला मूर्तिजापूरहून अमरावती एक्सप्रेस सोयीची पडेल. शकुंतला, म्हणजे आपली जुनी नॅरोगेज गाडी, चालू असती तर कारंज्याहूनच बसून मूर्तिजापूर गाठले असते, पण तो विषय काढला की आमचे वडील रात्रभर बोलतात.

परतीच्या तिकिटात वरचा बर्थ घेऊ नका. मी रविवारी रात्रीची गाडी घेतली होती आणि मला वरचा बर्थ मिळाला होता. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मांडीत असा गोळा आला की मी खालच्या बर्थवर बसलेल्या अनोळखी काकूंच्या खांद्याला धरून उभी राहिले. त्यांनी गळ्यातले पदक पाहिले आणि 'कोठे पडलीस का गं बाई?' असे विचारले. शेवटी त्याच वर चढल्या.

प्रश्नकर्ता: धुऱ्यावरचा

खूप दिवसांनी लिहितो आहे. तपासण्या करून ऑगस्टमध्येच नोंदणी केली होती. सोंगणीपूर्वी २४ किलोमीटर झाले. मधल्या काळात गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे केवळ तग धरला, आणि मळणीनंतर परवा २७ झाले, त्याला मला तीन तास चोपन्न मिनिटे लागली. चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. सोबत शेजाऱ्याचा मुलगा मोटारसायकलवर होता. विसाव्या किलोमीटरनंतर त्याला कंटाळा आला आणि तो पुढच्या थांब्यावर जाऊन झोपला. पुलाचा चढ शेवटी घेतला. वर पोचल्यावर खालून समृद्धीवर गाड्या जात होत्या आणि मी कठड्याला हात लावून थोडा वेळ उभा राहिलो.

टपरीवर गुरुजींचा ३ मिनिटे १ सेकंदाचा हिशेब सांगितला. बैलगाडीवाल्या मित्राने तो दोनदा करून पाहिला आणि मग विचारले की त्या इथिओपियाच्या माणसाकडे शेती किती आहे.

तिकिटे आज सकाळी काढली. जातानाचा मधला बर्थ आहे. येतानाचा खालचा मिळाला.